मॅडमची कात्री आणि माझी घागर

ही वही कुणाच्या हाती लागली तर आधीच हात जोडते. माझी शाळा चौथीपर्यंत. ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं ते मला अजून कळत नाही. अक्षर असं की एका ओळीवर सुरू केलेलं वाक्य खालच्या ओळीवर उतरतं. दिवसभर साबणाच्या पाण्यात राहिलेली बोटं पेन नीट धरत नाहीत, हेही एक कारण आहे. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. खरं तर वाचूच नये. ही गोष्ट तोंडानं सांगायला गेले की मी अर्ध्यात थांबते, म्हणून लिहून बघते आहे.

मी नेकनूरला राहते आणि रोज एसटीनं बीडला जाते. तिथं एका कॉलेजात, विज्ञानाच्या लॅबमध्ये, काचेची भांडी धुण्याचं काम आहे. घरी सासू आणि मी. मालक पुण्याकडं वॉचमन आहेत, महिन्या-दीड महिन्यानं येतात. माझा स्वभाव भिडस्त. बसमध्ये कंडक्टरशी बोलावं लागू नये म्हणून मी सुटे पैसे घेऊनच चढते. लॅबच्या मोठ्या सरांशी चार वर्षांत मी एक सबंध वाक्य बोलले नव्हते. ते म्हणायचे, “बाई, इथं सांडलंय,” आणि मी पुसायची.

बोलायची ती फक्त मॅडमशी. मॅडम म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची मुलगी, युसूफ वडगावची. तिला सरकारकडून अभ्यासासाठी पैसे मिळत होते आणि तिचा अभ्यास कोरोनावर होता. कोरोनात आमच्या गावात जे झालं ते सगळ्यांकडंच झालं, ते मी इथं लिहीत नाही. पण तो ओसरल्यावरही कुणी त्याच्या मागं लागलेलं आहे याचं मला नवल वाटायचं, आणि भीतीही. तिच्या बाटल्या धुताना मी तोंडाला पदर बांधायची. एक दिवस तिनं ते पाहिलं.

मी विचारलं, “मॅडम, तो कोरोना हितं बाटलीत ठेवलाय का वो?”

ती हसली. “नाही मावशी. तो इथं आणायची परवानगीच नाही. आपल्याकडं त्याचा एक तुकडा आहे नुसता. एकट्या तुकड्यानं कुणाला काही होत नाही.”

“मग तुकड्याचं काय करता?”

“तुमच्या घरी बैल आहे?”

“व्हता.”

“एवढं मोठं जनावर. शिंगं धरून आवरतं का?”

“न्हाई. वेसणीनं आवरतं.”

“मग तेच. ह्या विषाणूला वेसण कुठं घालता येईल ती जागा मी शोधते. औषध म्हणजे दोरी. दोरी वळणारे लोक लई आहेत, पण आधी नाक सापडलं पाहिजे.”

त्यानंतर मी पदर बांधणं सोडलं.

तिचा तुकडा म्हणजे एक कात्री होती. डोळ्यांना दिसणारी नव्हे. हा विषाणू माणसाच्या अंगात शिरला की स्वतःचे सगळे भाग एका लांब पट्ट्यात तयार करतो आणि मग त्याच्याच दोन कात्र्या तो पट्टा कापून भाग सुटे करतात. कात्री अडली की भाग सुटे होत नाहीत, विषाणू तिथंच अडकतो. पहिली कात्री मोठ्या देशांतल्या लोकांनी ओळखली होती, तिच्यावर औषधही निघालं होतं. मॅडम दुसरीच्या मागं होती. तिचं म्हणणं असं की दुसरीच्या पात्यात औषध अडकवायला गेलं तर अडचण होते, कारण आपल्या अंगातही तसल्याच पात्याच्या कात्र्या असतात आणि त्याही अडतात. म्हणून पात्यावर न धरता मुठीपाशी धरून ती थांबते का, हे तिला बघायचं होतं. ती मूठ सापडली तर नवी जागा सापडली.

माझं काम सोपं होतं. आधी साबण, मग नळाचं पाणी तीनदा, मग डिस्टिल वॉटर तीनदा. डिस्टिल वॉटर म्हणजे वाफेचं पाणी, त्यात क्षार नसतात. ते यंत्र चालवणं आणि मोठ्या पांढऱ्या कॅनमध्ये पाणी भरून ठेवणं हेही माझ्याकडंच. मॅडम त्याच कॅनमधलं पाणी तिच्या कामाला वापरायची. ती म्हणायची, “मावशी, तुमच्या पाण्यावर माझं सगळं उभं आहे.” हे ऐकून मला दिवसभर बरं वाटायचं.

त्या उन्हाळ्यात कॉलेजची टाकी आटली. टँकर दोन दिवसांआड येई, तोही वापरायचं पाणी घेऊन. डिस्टिलच्या यंत्राला नळाची सारखी धार लागते, म्हणून ते बंद ठेवावं लागलं. कॅनमध्ये जेमतेम अर्धं पाणी शिल्लक होतं. ते मी तेलासारखं जपत होते. शुक्रवारी दुपारी कॅन सरकवायला गेले आणि त्याची तोटी माझ्या हातातच तुटली.

मॅडम गावी गेलेली होती, सोमवारी येणार होती. सरांना सांगायचं तर तोंड उघडावं लागणार. मी चिंधी कोंबली, वर दोरी बांधली, तरी पाणी ठिबकत होतं. लॅबमधल्या बादल्या फरशी पुसायच्या. त्यात हे पाणी घालायचं माझ्या मनाला पटेना. काचेचं एवढं मोठं भांडं नव्हतं. घरी येईपर्यंत मी विचार करत होते की असं कोणतं भांडं आहे ज्यात पाणी खराब होत नाही. आणि आमच्या घरात लहानपणापासून याचं एकच उत्तर सगळ्यांना माहीत असतं.

सासूची तांब्याची घागर मी परसात घेऊन बसले. चिंच आणि मीठ लावून अशी घासली की तोंड दिसावं.

सासू उंबऱ्यात उभी. “कावून गं, एवढी घासायलीस? कुनी येनार हाय का?”

“कालेजात न्यायचीय. दोन दिवस.”

“कालेजात काय पूजा हाय?”

“पानी ठेवायचंय. चांगलं पानी हाय, महागाचं.”

“मंग ने. पर पोचा आला तर बघ. माझ्या बापानं दिल्याली हाय ती.”

शनिवारी सुट्टी होती तरी मी गेले. बसमध्ये मांडीवर घागर. कंडक्टर म्हणाला, “मावशे, बीडला पानी न्हाई अन् तू घागर घिऊन चाललीस? भरून देनार कोन?” सगळी बस हसली. मी घागरीकडंच बघत बसले. कॉलेजच्या वॉचमननं लॅब उघडून दिली. मी सगळं पाणी घागरीत गाळून घेतलं, वर धुतलेलं फडकं बांधलं. सोमवारी सकाळी लवकर जाऊन, वाटेत स्वतःच्या पैशानं घेतलेली नवी तोटी कॅनला बसवली आणि पाणी परत कॅनमध्ये ओतलं. मॅडम साडेदहाला आली तेव्हा सगळं जिथल्या तिथं होतं. मी कुणालाच काही बोलले नाही. सांगायचं कशाला? ठिबकलेले चार थेंब सोडले तर पाणी वाया गेलं नव्हतं. मनातून मी खूश होते.

पुण्याच्या एका मोठ्या लॅबनं मॅडमला बारा पुड्या पाठवल्या होत्या, मिठासारख्या पांढऱ्या. त्या पाण्यात विरघळवून एकेक करून कात्रीवर घालायच्या आणि कात्री थांबते का बघायचं, असं ते काम. आठ पुड्या आधीच झाल्या होत्या, कशानंच काही झालं नव्हतं. उरलेल्या चार तिनं त्या सोमवारी विरघळवल्या, छोट्या बाटल्यांत भरल्या आणि फ्रीजरमध्ये ठेवल्या.

दोन दिवसांनी तिनं मला हाताला धरून कॉम्प्युटरपुढं नेलं. आप्पेपात्राला असतात तसे खळगे असलेली एक छोटी प्लॅस्टिकची ताटली होती, यंत्र त्या खळग्यांतला उजेड मोजतं.

“मावशी, ही रेघ बघा. वर चढतेय म्हणजे कात्री कापतेय. कापलं की उजेड पडतो. ही पण चढतेय, ही पण. आता ह्या चार बघा.”

चार रेघा आडव्या पडल्या होत्या.

“निजल्या की वो.”

“निजल्या! चारही! आणि ह्या चारही पुड्या एकाच भावकीतल्या आहेत, अंगानं जाड. पात्यात त्या मावतच नाहीत. म्हणजे कुठं धरलं असेल त्यांनी?”

“मुठीपाशी?”

तिनं मला मिठी मारली. चौथी शिकलेल्या बाईनं बरोबर उत्तर दिलं म्हणून नव्हे, तिला कुणालातरी मारायचीच होती. तिनं पेढे आणले. सरांनी दोन खाल्ले आणि फोनवर कुणालातरी सांगितलं की आमच्या लॅबमध्ये नवी जागा सापडली आहे. मी एक खाल्ला, एक सासूला नेला. मॅडमनं त्याच बाटल्यांमधून पुन्हा दोनदा करून बघितलं. दोन्ही वेळेला चार रेघा आडव्या. मग तिनं सगळे आकडे पुण्याला पाठवले.

महिना-दीड महिना बरा गेला. मग पुण्याहून उत्तर आलं आणि मॅडमनं जेवणाचा डबा उघडणं बंद केलं.

तिकडच्या लोकांनी त्याच चार पुड्या, त्याच कात्रीवर करून पाहिल्या होत्या. त्यांच्याकडं काहीच होत नव्हतं. रेघा सरळ वर चढत होत्या.

मॅडम एकेक गोष्ट उकरून बघायला लागली. यंत्र तपासलं, तारखा तपासल्या. एका गुरुवारी माझ्याजवळ येऊन मोरीच्या कठड्याला टेकली.

“मावशी, रागावू नका. साबण पूर्ण निघत होता ना?”

“तीनदा अन् तीनदा, मॅडम. देवाशपथ.”

“माहीत आहे मला. विचारायचं म्हणून विचारलं.” ती बोटानं ओल्या फरशीवर रेघा ओढत होती. “लोखंड, जस्त, तांबं असलं काही पाण्यात उतरलं तरी ही कात्री मरते. पण आपल्याकडं सगळी काच आणि प्लॅस्टिक. धातू येणार कुठून?”

असं म्हणून ती गेली. माझे हात पाण्यात होते. ते तिथंच राहिले. नळ चालू, पाणी वाहून चाललेलं, आणि त्या दिवसांत पाणी वाया घालवणं म्हणजे पाप.

त्या गुरुवारपासून पुढच्या बुधवारपर्यंत मी कुठंच नीट बसले नाही. बसमध्ये जागा मिळाली तरी उभी राहायची. भाजीत दोनदा मीठ घातलं, मग एकदा घातलंच नाही. अंगण झाडून झाल्यावर पुन्हा झाडायला घ्यायची.

सासू म्हणाली, “कावून गं? अंगात मुंग्या शिरल्या का तुझ्या? बस की एका जागी.”

मी तिला तांब्याबद्दल विचारलं. तांब्यातलं पाणी कधी बाधतं का?

“येडी का खुळी! माझं सारं जलम त्याच पान्यावर गेलं. बाधलं असतं तर तुला छळायला ऱ्हायले असते का?”

हेच तर मीही स्वतःला सांगत होते. आपण जे पाणी पितो त्यानं कात्री कशी मरेल? आपण जिवंत आहोत की. मग मी घागर पुन्हा चिंचेनं घासली, पाणी भरलं, दोन दिवस झाकून ठेवलं आणि तिसऱ्या सकाळी ओंजळीनं प्यायले. जिभेला नाण्याची चव लागली. ही चव मला जन्मापासून माहीत होती, आवडतही होती. चव आहे म्हणजे काहीतरी उतरलंय. एवढं कळायला चौथी पुरते.

तरी मी बोलले नाही. सांगितलं तर काम जाणार, ही एक भीती. दुसरी भीती मॅडम काय म्हणेल याची. सोमवारी ती आल्यावर मी ठरवून तिच्या टेबलापर्यंत गेले. ती म्हणाली, “काय मावशी?” मी म्हणाले, “फिनेल संपलंय.” मंगळवारी पुन्हा गेले आणि पुन्हा फिनेल म्हणाले. तिनं दोन बाटल्या मागवल्या.

बुधवारी दुपारी सरांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. मी बाहेर फरशी पुसत होते. मॅडम आत उभी होती, मला तिची पाठ दिसत होती.

सर म्हणाले, “पुण्याचे लोक स्पष्ट बोलत नाहीत, पण मला कळतंय ते काय विचारतायत. त्यांच्याकडं होत नाही, तर आपल्याकडंच कसं होतं?”

“सर, मी तीनदा केलंय.”

“तीनदा! आकडे टेबलावर बसून काढायचे असले तर तीनदा काय, तीसदा निघतील.”

“सर, मी आकडे काढलेले नाहीत.”

“मग काय झालं ते सांगा. शुक्रवारपर्यंत सांगा. नाहीतर मला तुमच्याबद्दल वर लिहावं लागेल, आणि एकदा लिहिलं की तुम्हाला कुणी दारात उभं करणार नाही. खोटे आकडे म्हणजे काय असतं कळतं ना?”

मॅडमकडं सांगायला काही नव्हतं. ते माझ्याकडं होतं.

मी पोछा हातात घेऊनच आत गेले. माझ्या पायांखाली पाणी ठिबकत होतं. सर म्हणाले, “बाई, नंतर.” मी हलले नाही. तोंडातून काहीतरी निघावं म्हणून खूप जोर लावला आणि निघालं ते एवढंच:

“सर, घागर माझी हाय.”

“काय?”

“घागर. तांब्याची. म्हंजे सासूची. पर आनली मी.”

सरांनी मॅडमकडं बघितलं. मॅडम माझ्याकडं वळली होती. मग मी सगळं सांगितलं. तोटी, चिंधी, शनिवार, फडकं. मध्येच थांबले की ती मान हलवायची, “पुढं?” म्हणायची.

“किती वेळ होतं पाणी घागरीत?” मॅडमनं विचारलं.

“शनवार दुपार ते सोमवार सकाळ.”

“घासली होती?”

“चिंचंनं. लख्ख.”

ती खुर्चीत बसली. सरांनी बस म्हटलं नव्हतं तरी बसली. “चिंचेनं,” ती म्हणाली. आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिनं डोळ्यांवर हात ठेवले.

सर मात्र तापले होते. “घागर? लॅबमध्ये घागर? ही लॅब आहे का पाणवठा? आणि हे आत्ता सांगताय, बाई? इतके दिवस झोपला होतात का?”

मी म्हणाले, “न्हाई सर. झोप न्हाईच लागली.”

मॅडमनं सांगितलं म्हणून दुसऱ्या दिवशी घागर पुन्हा बीडला न्यायची होती. सासू म्हणाली, “पुन्यांदा? आता सत्यनारायन घातलाय का?” मी तिला खरं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “कात्री कापत न्हाई म्हनून एवढा गोंधळ? न्हाव्याला इचारायचं की.” पण घागर तिनंच घासून दिली.

मॅडमनं बाहेरून विकतचं डिस्टिल वॉटर आणलं, त्यातलं अर्धं घागरीत ठेवलं, अर्धं काचेत. त्या गुरुवारी दुपारपासून शनिवारी सकाळपर्यंत. शुक्रवारची मुदत तिनं एक दिवस वाढवून मागितली, सरांनी दिली. शनिवारी आम्ही तिघं कॉम्प्युटरपुढं होतो. ते दोघं बसलेले, मी मागं उभी. ताटलीत एकही पुडी घातलेली नव्हती. काही खळग्यांत काचेतलं पाणी, काही खळग्यांत माझ्या घागरीतलं. बाकी नुसती कात्री.

काचेतल्या पाण्याची रेघ चढायला लागली. घागरीच्या पाण्याची चढेना. मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला असं मागत होते की माझी चूक खरी निघू दे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. रेघ आडवी ती आडवीच.

सर बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “हं. पुण्याला मी फोन करतो.”

“सर, मी लिहिते. सगळं लिहिते.”

“घागर लिहू नका. पाणी साठवण्यात दोष राहिला, असं लिहा. हसतील लोक.”

“हसू द्या. घागर नाही लिहिली तर आकडे मी बनवले असंच वाटत राहील.”

तिनं घागर लिहिली. चिंचसुद्धा लिहिली. पुण्याहून उत्तर आलं की कारण पटलं, आणि पुड्या पुन्हा पाठवत आहोत. सरांनी माझ्या कामाचा विषय काढला होता. मॅडम त्यांना म्हणाली की मावशींना काढलं तर पुढच्या वेळी कुणी सांगायलाच येणार नाही. मी राहिले. फक्त कॅनवर आता एक कागद आहे, पाणी कधी भरलं आणि कशात ठेवलं ते मला रोज लिहावं लागतं. अक्षर असंच, पण मॅडमला वाचता यायचं.

राहिला पैशाचा प्रश्न. कात्रीनं कापल्यावर उजेड पडतो तो ज्या रसायनामुळं पडतो, ते फार महागाचं. कॉलेजचं बिल अडकलेलं होतं म्हणून शेवटची बाटली मॅडमनं स्वतःच्या पैशानं आणली होती, अठरा हजारांची. ती त्या खोट्या रेघांवर संपली होती आणि आता पुन्हा आणायची होती.

मी म्हणाले, “ते पैसे मी देनार.”

“एक रुपया घेणार नाही मी तुमच्याकडून.”

“मग मी काम सोडते.”

“मावशी, तुम्ही कधीपासून एवढं बोलायला लागलात?”

“सांगा, घेता का?”

ती चिडली. “ऐका माझं. कॅनमधलं पाणी नुसतं, काही न घालता, कात्रीवर लावून बघायला पाहिजे होतं मी. पहिलीत मुळाक्षरं शिकवतात तसं ते आम्हाला शिकवतात. घाई केली, आधीच्या आठ पुड्यांच्या वेळी पाणी तपासलं होतं त्यावरच भरवसा ठेवला. ती चूक माझी आहे. सगळे पैसे तुम्ही दिलेत तर माझी चूक कुठं जाते?”

बराच वेळ आम्ही भांडलो. शेवटी निम्मे ठरले. नऊ हजार माझे, नऊ तिचे. महिन्याला पाचशे. सासू म्हणाली, “पानी पाजलं की पुन्य लागतं म्हंत्यात. तुला दंड लागला.”

मॅडमनं पुढं सगळं पहिल्यापासून केलं. चार पुड्या, नवं पाणी, आणि प्रत्येक ताटलीत नुसत्या पाण्याचे खळगे. चारही रेघा वर चढल्या. मग तिनं पुड्यांचं प्रमाण वाढवलं, वेळ बदलला, गरमी बदलली. मी रोज तिच्या तोंडाकडं बघून ओळखायची. मुठीपाशी धरायला जागा नाही, निदान ह्या चार पुड्यांना तरी नाही, एवढं ठाम लिहायला तिला जवळपास वर्ष लागलं. मी एकदा विचारलं, नाही सापडलं हेही लिहावं लागतं का? ती म्हणाली, “तुमच्या शेजाऱ्याचा बोअर कोरडा गेला हे तुम्हाला माहीत नसतं तर?” आमच्याकडं शेजाऱ्याचा बोअर कोरडा गेला की सगळी आळी दुसरीकडं खणते. मला समजलं. पण ती स्वतः त्या उत्तरावर खूश नव्हती. तिला नाक पाहिजे होतं.

चौदा हप्ते मी तिच्या हातात दिले. दर वेळी ती तोंड वाकडं करून घ्यायची. मग तिचा अभ्यास पूर्ण झाला, प्रबंध दिला आणि तिला हैदराबादला काम मिळालं. तिथंही याच विषाणूच्या मागं आहे, जागा दुसरी. जाताना म्हणाली, “राहिलेले सोडा आता.” मी म्हणाले, “गावाकडं येताल तवा देते.”

दिवाळीत तिचा फोन आला. बीडहून बसली होती, वडगावला जायला नेकनूरवरूनच जावं लागतं. गाडी स्टँडवर दोन मिनिटं थांबेल, म्हणाली. मी तास आधीच जाऊन उभी राहिले. दोन हजार रुपये रुमालात बांधलेले, रुमाल मुठीत. दोन गाड्या आल्या, त्यात ती नव्हती. तिसरी आली ती इतकी भरलेली की माणसं दारात लोंबकळत होती. ही थांबलीच नाही तर, असं वाटून मी मधोमध जाऊन उभी राहिले. ड्रायव्हर ओरडला, “मरायचंय का, मावशे?” 

गाडी थांबली. मागच्या खिडकीतून मॅडम हात हलवत होती. काच अडकलेली, दोन बोटं मावतील एवढीच फट. तिनं दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा काच वीतभर सरकली. मॅडम वाळली होती, केस कापले होते.

“कशा आहात मावशी?”

“हे घ्या आधी.”

“अहो, जरा बोला तरी.”

“गाडी जाईल. घ्या. मोजा.”

“मोजायचं काय त्यात?”

“न्हाई, मोजा.”

तिनं रुमाल सोडला, पाचशेच्या चार नोटा माझ्यासमोर मोजल्या आणि रुमाल परत दिला. “दोन हजार. नऊ हजार पूर्ण झाले.” मग तिकडच्या कात्रीबद्दल काहीतरी सांगायला लागली, पण कंडक्टरनं घंटी दिली आणि गाडी हलली. मला फक्त तिचं तोंड हलताना दिसलं. मी गाडीबरोबर चार पावलं चालले, मग थांबले. माझ्याकडून काही देणं राहिलं नव्हतं.